संभाव्यतेचा निकष आणि बुलढाण्याच्या कादंबऱ्या

मराठी कादंबरीच्या इतिहासात लेखकांची आणि प्रवाहांची नोंद सापडते. वाचकाने कादंबरीविषयी कोणते मत दिले आणि ते कोणत्या आधारावर दिले, याचा इतिहास मात्र विखुरलेला राहिला आहे. निदान १८७२ पासून तो मांडता येतो. त्या वर्षीच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' या लेखनात काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी तत्कालीन कथांच्या असंभाव्यतेवर बोट ठेवले. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या अद्भुतरम्य सृष्टीत रमलेल्या वाचकवर्गापुढे 'असे घडू शकते काय?' हा प्रश्न ठेवणे, हे त्या काळी धाडसाचे होते. पुढे १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव या भेदाच्या आधारे विचार केला व मराठी कादंबरी युरोपीय कादंबरीच्या शेजारी ठेवून तोलली. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' (१८७१) यांच्या नावे तीन प्रवृत्ती कल्पून या विचाराला ऐतिहासिक चौकट दिली.

या परंपरेने वाचकाला वर्गीकरणाची शिस्त दिली, हे निर्विवाद आहे. परंतु वर्गीकरण हे आकलनाचे साधन न राहता निवाड्याची जागा घेऊ लागले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्याशी निगडित कादंबऱ्या सलग वाचणे उपयुक्त ठरते.

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. घाटाखालचे खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. १८७० मध्ये जलंबहून तेथवर लोहमार्ग आला तो या कापसासाठीच. याच खामगावच्या पुरुषोत्तम बोरकर यांची 'मेड इन इंडिया' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. घाटावरच्या चिखली तालुक्यातील अमडापूर हे सदानंद देशमुख यांचे जन्मगाव. 'तहान' (१९९८) नंतर आलेल्या त्यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही कृतींच्या मुळाशी कृषिसमाजाची मोडतोड आहे. तरीही वाचकांचे त्यांच्याविषयीचे अभिप्राय सहसा एकमेकांना भेटत नाहीत.

'मेड इन इंडिया' हातात येते ती 'विनोदी' या शिक्क्यासह. पंजाबराव गरडगावकर पाटील यांच्या वऱ्हाडी निवेदनाला वाचक खळखळून हसतो आणि त्या हसण्यातच अभिप्राय संपतो. प्रमाण मराठी, कार्यालयीन भाषा आणि मोडके इंग्रजी यांची वऱ्हाडीशी जी टक्कर येथे होते, ती गावात शिरलेल्या सत्तेचीच भाषिक नोंद आहे, हे त्यामुळे नजरेआड होते. उपहासातील अतिशयोक्तीला संभाव्यतेचा निकष लावायचा नसतो, हे वाचकाला ठाऊक असते. पण निकष शिथिल करताना तो गांभीर्यही सोडून देतो.

'बारोमास'च्या वाट्याला उलट प्रकारचा अन्याय आला. नोकरीसाठी पैसे मोजू न शकणारा सुशिक्षित एकनाथ शेतीत अडकतो. या कादंबरीनंतर चार वर्षांनी, २००६ मध्ये, केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली. त्यांत बुलढाणा होता. परिणामी ही कादंबरी 'दस्तऐवज' म्हणून वाचली जाऊ लागली. हा गौरव वरवर मोठा वाटतो. परंतु दस्तऐवजाला तपशील पुरतो. कादंबरीला काळाची रचना लागते. शीर्षकच सांगते की येथील माप बारा महिन्यांच्या कामाचे आहे. हंगाम फिरून येतो, माणसाची उमेद मात्र फिरून येत नाही, या विसंगतीतून कादंबरी उभी राहते. केवळ खरेपणाची साक्ष काढणारा वाचक हे रूप पाहतच नाही.

तिसरा प्रकार ऐतिहासिक कादंबरीचा. जिजाबाईंचे माहेर सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे. १६२९ मध्ये देवगिरीवर मारले गेलेल्या लखुजी जाधवरावांची समाधीही तेथेच आहे. त्या परिसराला हा काळ केवळ भूतकाळ नाही. अशा ठिकाणी ऐतिहासिक कादंबरीविषयीचे मत बहुधा श्रद्धेच्या बाजूने आधीच ठरलेले असते, 'घडले काय?' हा प्रश्न इतिहासाचा आणि 'घडू शकले असते काय?' हा प्रश्न कादंबरीचा, ही सीमारेषा पुसली जाते.

तिन्ही प्रकारांत, अशा रीतीने, निवाडा वाचनापूर्वीच झालेला दिसतो: विनोदाला सूट, वास्तवाला साक्षीपुराव्याचा मान, इतिहासाला नमस्कार. मराठे यांचा १८७२ चा प्रश्न आजही टाकाऊ ठरलेला नाही, परंतु तो एकटा पुरेसा नाही. एखादी घटना घडू शकते काय, याबरोबरच ती कोणाच्या भाषेत, कोणत्या कालमापाने आणि कोणत्या संकेतांच्या आधारे घडते, हे विचारावे लागेल. मग खामगावचे हसणे आणि अमडापूरचे मौन ही एकाच समाजाची दोन विधाने म्हणून वाचता येतील. त्यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याने त्या समाजाची अर्धी कादंबरी करमणुकीत जाते आणि उरलेली अर्धी अहवालात जमा होते.