सामाईक तारेचा दूरध्वनी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या दालनात एक लांबलचक मेज आहे आणि त्यावर आगगाडीचे रूळ मांडलेले आहेत. त्या रुळांवरून चांदीची एक छोटी गाडी पाहुण्यांसमोरून फिरे. महाराज माधवराव शिंदे यांना आगगाडीचा मोठा नाद होता. संस्थानातील अरुंद लोहमार्गांचे जाळेही त्यांच्याच कारकीर्दीतले. मेजावरील ही गाडी विजेवर चाले. पाहुण्याने डब्यातील पात्र उचलले की गाडी जागच्या जागी थांबे आणि पात्र पुन्हा ठेवले की पुढे निघे. करामत वाटते तितकी गूढ नाही. पात्राच्या भाराने विद्युत्‌मंडल जुळलेले असे, भार गेला की ते तुटे. दूरध्वनीच्या चोंग्याची रीत नेमकी उलट असते. तो उचलला की मंडल जुळते आणि खाली ठेवला की तुटते. पण गाडीत आणि चोंग्यात याहून महत्त्वाचे एक साम्य आहे. गाडी कोणापाशी थांबली, हे मेजाभोवतीच्या प्रत्येकास आपोआप दिसत असे. कोणी कोणास विचारावे लागत नसे.

जुन्या कचेऱ्यांतील सामाईक तारेच्या दूरध्वनीचा सारा गुण या एका गोष्टीत होता. आज इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या फोनांना तो गुण पुन्हा शिकवण्यासाठी अभियंत्यांना वर्षानुवर्षे डोके खाजवावे लागले आहे.

ग्वाल्हेरास तारेची ओळख फार जुनी. डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी 1853 ते 1855 या काळात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारायंत्राने जोडली. आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार मुंबई-आग्रा रस्त्याच्या वाटेने, ग्वाल्हेर व इंदूर घेत खाली उतरली. पुढे 1885 साली ग्वाल्हेर दरबाराने इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. तेव्हापासून तिकीट हिंदुस्थान सरकारचे आणि त्यावर छाप ‘ग्वालियर’ अशी नागरी व रोमन अक्षरांत, असा दुहेरी कारभार 1950 पर्यंत चालला. एकच वाट आणि तिचे धनी दोन, ही व्यवस्था या शहरास नवी नव्हती. असो.

दूरध्वनी हिंदुस्थानात व्यापारी रीतीने आला तो 1882 च्या जानेवारीत. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे त्या वेळी पहिली विनिमय केंद्रे उघडली. तेथून स्वातंत्र्यापर्यंत पासष्ट वर्षे गेली, तरी साऱ्या देशातील फोनांची संख्या एक लाखाच्या आतच होती. लोकसंख्या पस्तीस कोटींच्या घरात आणि फोन एक लाखही नाहीत, मग एकेका तारेवर किती माणसांचा हक्क असावा? त्या काळच्या मध्यमवर्गीयाच्या ओळखपत्रिकेवर नंबरापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे असत. याचा सरळ अर्थ असा की फोन शेजाऱ्यांचा आहे, कृपया बोलावणे पाठवावे. लष्करातील वाड्यात पुण्याहून वा इंदुराहून ट्रंक कॉल आला की अर्ध्या गल्लीस कळे. साधा, तातडीचा आणि ‘लाइटनिंग’ असे ट्रंक कॉलचे तीन दर्जे होते. दर्जा चढला की पैसेही चढत. तार कुणा एकाची खासगी मालमत्ता आहे, ही कल्पनाच तेव्हा फारशी रुजलेली नव्हती. तिच्यावर बोलताना कोणीतरी ऐकत असणार, हे गृहीत धरूनच लोक बोलत. यात संकोच होता, पण एक प्रकारचा आधारही होता.

कचेरीतील गरज निराळी. दालबाजारातील एखादी धान्याची पेढी डोळ्यांसमोर आणावी. बाहेरून आलेल्या तारा दोन किंवा तीन, बसणारी माणसे पाच-सहा. प्रत्येकाच्या मेजावर फोन हवा, पण प्रत्येकास स्वतंत्र तार परवडणारी नाही आणि मागितली तरी मिळणारी नाही. त्यावर अमेरिकेतील बेल कंपनीने 1938 साली जी पद्धती बाजारात आणली, ती की-सिस्टिम, म्हणजे खटक्यांची पद्धती, या नावाने जगभर ओळखली जाते. तिची रचना अशी की बाहेरची प्रत्येक तार प्रत्येक फोनापर्यंत नेलेली असे. फोनाच्या तळाशी बटणांची एक ओळ, दर बटणामागे एक तार आणि बटणाच्या पोटात एक इवलासा दिवा. दिवा विझलेला असला तर तार मोकळी, स्थिर जळत असला तर कोणीतरी बोलत आहे. तो संथपणे लुकलुकला तर घंटी वाजते आहे आणि झरझर लुकलुकला तर कोणास तरी थांबवून ठेवले आहे. लाल बटण ‘होल्ड’चे.

आता या चार खुणांची करामत पाहावी. मुनीम फोन उचलतो, पलीकडून इंदूरचा अडत्या मालकांना विचारतो. मुनीम लाल बटण दाबतो आणि खोलीच्या त्या टोकास हाक मारतो, “अण्णा, दोनवर इंदूर आहे!” अण्णा आपल्या फोनाचे दुसरे बटण दाबतात आणि बोलू लागतात. नंबर फिरवावा लागला नाही, जोडून द्यावे लागले नाही, आणि मुनिमाच्या कामात खंडही पडला नाही. थांबवलेला मनुष्य मुनिमाच्या फोनात नव्हता. तो दोन नंबरच्या तारेत होता आणि ती तार सर्वांची होती. या व्यवस्थेसाठी प्रत्येक फोनामागे पंचवीस जोड्यांची, अंगठ्याएवढी जाड केबल ओढावी लागे, पण ती वापरण्यास मात्र कोणास शिकवावे लागत नसे.

आपल्याकडे ही बहुतारी यंत्रे थोड्याच मोठ्या कचेऱ्यांत पोहोचली. त्यांचे धाकटे भावंड मात्र घराघरांत माहीत झाले. ते म्हणजे टेलिफोन खात्याचे ‘प्लॅन’ फोन. त्यांतील ‘प्लॅन 103’ हा साहेब आणि त्याचा स्वीय सहायक यांच्यामधला जोडफोन सरकारी खोल्यांतून वर्षानुवर्षे दिसे. एकच तार, दोन यंत्रे. आत साहेब बोलत असल्याचे बाहेर कळे आणि बाहेरचा मनुष्य मध्येच तार आपल्याकडे घेऊ शके. भेटीस आलेल्या लोकांना आत सोडावे की नाही, याचा निर्णय कित्येकदा त्या फोनाकडे पाहूनच होत असला पाहिजे.

इंटरनेटची सेवा भारतात सर्वसामान्यांसाठी 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली आणि इंटरनेटवरून बोलण्यास, काही मर्यादा घालून, 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली. मधल्या काळात, 1999 साली, इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांनी ‘सिप’ नावाची संभाषण जुळवण्याची रीत प्रसिद्ध केली होती. 2002 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली आणि कचेरीतील बहुतेक इंटरनेट फोन आज तिच्यावरच चालतात. या रीतीत सामाईक तार नाही. किंबहुना तारच नाही. प्रत्येक फोनास स्वतःचा पत्ता असतो आणि संभाषण म्हणजे दोन पत्त्यांमधला खासगी करार. मुनिमाने होल्ड दाबले तर थांबवलेला अडत्या मुनिमाच्याच फोनात अडकून राहतो. अण्णांच्या फोनावर दिवा लागत नाही. मुनिमाने उठून चहा घ्यावा आणि अडत्याने संगीत ऐकत बसावे! नव्या यंत्रात सुधारणा शंभर, पण जी एक गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडली होती तीच नाहीशी झाली.

लहान कचेऱ्यांनी यावर कुरकुर केली आणि ती रास्त होती. मोठ्या कंपनीत स्वतंत्र फोन, स्वतंत्र नंबर आणि जोडून देणारी स्वागतिका असते. दवाखाना, औषधाचे दुकान, शाळेची कचेरी यांत मात्र काम माणसामाणसांत वाटलेले नसते. जो मोकळा असेल तो फोन घेतो. त्यांच्या दृष्टीने तार ही व्यक्तीची नसून जागेची असते. ‘ही तुमची जुनी सवय आहे, ती सोडा,’ असा उपदेश यंत्र विकणाऱ्यांनी पुष्कळ केला. परंतु ज्यास ते सवय म्हणत होते ती कामाची वाटणी होती. ती मोडली की माणसे वाढवावी लागतात, नाहीतर रोगी ताटकळतो.

उपाय दोन दिशांनी शोधले गेले. पहिला सोपा. आलेला फोन ‘पार्क’ करायचा, म्हणजे सामाईक खणात ठेवायचा, आणि खणाचा नंबर हाक मारून सांगायचा. तो नंबर फिरवला की कोणालाही संभाषण उचलता येते. दुसरा उपाय कष्टाचा, कारण त्यात नसलेली तार पुन्हा निर्माण करायची होती. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या तरुणाने 1999 साली, कचेरीसाठी फोनयंत्रणा विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून, ती संगणकावर स्वतःच लिहून काढली होती. ‘ॲस्टरिस्क’ या नावाने ती सर्वांना मोफत मिळाली. तिच्या 2006 च्या अखेरच्या आवृत्तीत सामाईक तारेची सोय आली, आणि ती कशी केली हे पाहण्याजोगे आहे. प्रत्येक तारेच्या जागी एक अदृश्य सभागृह कल्पिले. बाहेरून बोलणारा मनुष्य त्यात बसतो. कचेरीतील जो कोणी त्या तारेचे बटण दाबील तो त्याच सभागृहात शिरतो आणि होल्ड केले म्हणजे तो बाहेर पडतो, पाहुणा मात्र आतच राहतो. तांब्याची एक तार जे फुकट करीत होती, त्यासाठी सभा भरवावी लागली!

दिव्यांचा प्रश्न आणखी नाजूक. जुना दिवा तारेच्या स्थितीनुसार तत्क्षणी लागे. नव्या फोनास ती स्थिती कोणीतरी कळवावी लागते. प्रत्येक फोन मध्यवर्ती यंत्राकडे वर्गणीदार होतो आणि तेथून त्यास सूचना येत राहतात. सूचनापत्राचा नमुना 2005 साली ठरला आणि एकाच पत्त्याच्या सामाईक वापराचे सविस्तर नियम 2015 साली प्रसिद्ध झाले. दोघांनी एकाच क्षणी एकच बटण दाबले तर तार कोणाची, या एका प्रश्नासाठी त्यात मध्यस्थाची योजना करावी लागली. तांब्याच्या तारेवर असे घडले तर दोघेही पलीकडच्याशी बोलू लागत आणि हसून एकजण खाली ठेवी. मध्यस्थास हसून सोडून देता येत नाही, त्यास निवाडा करावा लागतो.

एका बाबतीत मात्र जुन्याचे गोडवे गाऊ नयेत. ज्या तारेवर सर्वांचा हक्क, तिच्यावर सर्वांचे कानही असत. डॉक्टरांशी बोलणारा रोगी किंवा पगाराविषयी बोलणारा कारकून यांचे बोलणे तिसऱ्याने बटण दाबून ऐकावे, यात काही भूषण नाही. नव्या पद्धतीत खासगीपणाचे बटण ठेवता येते. बोलण्यात शिरकाव करण्याची मुभा कोणास द्यायची, हे आधी ठरवता येते. हा निर्णय आता तारेऐवजी माणसास घ्यावा लागतो आणि कित्येक कचेऱ्यांत तो कोणी घेतच नाही. यंत्र बसवणाऱ्याने जे ठेवले तेच चालू राहते.

विजेचे आणखी एक कोडे आहे. साध्या जुन्या फोनास विनिमय केंद्रातूनच वीज येई, त्यामुळे दिवे गेले तरी फोन बोले. इंटरनेटचा फोन घरच्या विजेवर अवलंबून असतो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना वीज गेली, तर बॅटरीची सोय नसलेल्या कचेरीतील सारे दिवे, लुकलुकणारे आणि स्थिर, एकदमच विझतात.

चार-पाच फोनांच्या कचेरीत शेवटी बहुधा साधा मार्गच पत्करला जातो. पार्किंगचे तीन खण, प्रत्येक फोनावर त्यांची तीन बटणे, खण भरला की बटणाचा दिवा लाल, आणि बटणाशेजारी हाताने लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या: एक, दोन, तीन. हाक मात्र अजूनही खोलीच्या त्या टोकापर्यंत तोंडानेच मारावी लागते.