गोळ्याचें माप : असई आणि पोल्टाव्हा

जालना जिल्ह्यांतील वडीगोद्रीच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. १८०३ च्या सप्टेंबरच्या आरंभीं जनरल आर्थर वेलस्ली आपली फौज घेऊन याच नदीच्या कांठानें पूर्वेकडे सरकत होता. शिंदे व भोसले यांनीं निजामाच्या मुलखांत उतरूं नये हा त्याचा हेतु. २१ तारखेस बदनापूर येथें त्याची व कर्नल स्टीव्हन्सनची गांठ पडली, आणि २३ तारखेस भोकरदनच्या पूर्वेस, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत, असईची लढाई झाली. अंबड, जालना, भोकरदन या वाटेनें वडीगोद्रीहून एका दिवसांत जाऊन परत यावें इतकें तें रणांगण जवळ आहे.

या लढाईविषयीं सामान्य समज असा कीं, इंग्रजांजवळ सुधारलेलीं शस्त्रें होतीं व मराठ्यांजवळ तीं नव्हतीं. तोफखान्यापुरतें बोलावयाचें तर हा समज खरा नाहीं. मराठ्यांच्या बाजूस शंभराच्या आसपास तोफा होत्या. वेलस्लीजवळ फार तर वीसएक. पाडाव झालेल्या तोफा पाहून, त्या आपल्या फौजेसहि उपयोगीं पडतील इतक्या चांगल्या आहेत, असा अभिप्राय खुद्द वेलस्लीनें दिला. मग अशा तोफांचा धनी हरला कां? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर आधीं गोळ्याचा विचार केला पाहिजे.

त्या काळीं तोफेची ओळख ती किती वजनाचा भरीव गोळा फेंकते यावरून होई. सहा पौंडी तोफेच्या ओतीव लोखंडी गोळ्याचा व्यास सुमारें साडेतीन इंच. बारा पौंडीचा साडेचार इंचांहून किंचित् कमी. वजन दुप्पट झालें तरी व्यास एक इंचानेंच वाढला, कारण वजन हें व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून मापांतील अल्पशी चूकहि येथें महाग पडते. गोळा पाव इंच मोठा झाला तर तो नळींत शिरत नाहीं; पाव इंच लहान झाला तर दारूचा जोर बाजूनें निसटतो आणि गोळा नळींत आपटत जाऊन भलतीकडे पडतो. तात्पर्य, गोळा ओतणारा, सांठवणारा व डागणारा या तिघांच्या हातीं एकच माप असावें लागतें, आणि तें माप राखणारी सत्ताहि एकच असावी लागते.

गोळ्यांचे प्रकार मुख्यतः तीन. दूरच्या माऱ्यास भरीव गोळा. तो जमिनीवर उसळ्या घेत रांगेमागून रांग कापीत जाई. जवळच्या माऱ्यास छऱ्यांचा डबा. तोफेच्या तोंडाबाहेर पडतांच तो फुटे व छरे पंख्यासारखे पसरत. तिसरा कुलपी गोळा, म्हणजे आंत दारू भरलेला पोकळ गोळा. हा बहुधा उखळी तोफांतून उडवीत.

असईस पहिल्या दोहोंचा प्रताप दिसला. नदी उतरतांना वेलस्लीच्या जवळच्या एका स्वाराचें मस्तक गोळ्यानें उडालें. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल व त्यांचे गोलंदाज इतके पडले कीं, तोफा मागें ठेवून संगिनीनिशीं पुढें जाण्याचा हुकूम त्यास द्यावा लागला. उजव्या बगलेवरील ७४ वी हायलंडर पलटण वाट चुकून असई गांवच्या तोफांपुढें सांपडली आणि बहुतेक गारद झाली. मराठ्यांचे कित्येक गोलंदाज तोफांखालीं मेल्याचें सोंग करून पडून राहिले, व शत्रूची रांग पुढें जातांच उठून त्यांनीं त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून सुमारें १,६०० झाले. तरीहि सायंकाळीं ९८ तोफा शत्रूच्या हातीं गेल्या.

आतां दुसऱ्या एका पराभवाकडे वळूं. असईच्या एक शतक आधीं, १७०० च्या नोव्हेंबरांत, नार्व्हा येथें स्वीडनच्या बाराव्या चार्लसनें रशियाच्या पीटर बादशहाची फौज मोडली आणि तिचा जवळजवळ सर्व तोफखाना हिरावून घेतला. पीटरनें देवळांतील घंटा वितळवून नव्या तोफा ओतविल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्याहून कमी प्रसिद्ध, परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट मापाची. त्याचा तोफखान्याचा अधिकारी याकोव ब्रूस याच्या व्यवस्थेंत दोन इंच व्यासाच्या लोखंडी गोळ्याचें वजन म्हणजे तोफखान्याचा एक पौंड, असें माप रूढ झालें. मग चार इंची गोळा आठ पौंडांचा, हें सामान्य ओतारीहि सांगूं शके. १७०९ त पोल्टाव्हा येथें हाच चार्लस हरला, आणि त्या दिवशीं तोफांचें बळ पीटरच्या बाजूस होतें.

पुढें १७५७ च्या सुमारास रशियांत ‘एकशिंगी’ नांवाची तोफ निघाली. ती भरीव गोळा, कुलपी गोळा व छरे असे तिन्ही प्रकार उडवी. तिचें माप ‘पूडां’त करीत, जसा आपला मण चाळीस शेरांचा, तसा रशियाचा पूड चाळीस पौंडांचा. नंतर वजनाऐवजीं नळीच्या व्यासानें तोफा ओळखूं लागले, आणि क्रांतीनंतर रशियानें मीटरचें माप घेतलें. तरी जुनी इंचपट्टी आंत जिवंतच राहिली. रशियाची ७६ मिलिमीटर तोफ म्हणजे मूळची तीन इंची. १५२ म्हणजे सहा इंची. १२२ म्हणजे चार इंच व आठ दशांश. गोळ्यांचे कारखाने एकदां एका मापावर उभे राहिले म्हणजे राज्य पालटलें तरी माप पालटत नाहीं.

मराठ्यांस ओतकाम येत नव्हतें असें नाहीं. पेशव्यांचा तोफखाना पानशांच्या घराण्याकडे होता, आणि थोरल्या माधवरावांच्या काळीं आंबेगव्हाण येथें गोळे ओतण्याचा कारखाना चालला होता. महादजी शिंद्यांनीं डी बॉयनच्या हातून कवायती कंपू उभारले व आग्र्यास तोफा ओतविल्या. परंतु त्या कंपूंचीं मापें, कवायत व हुकूम हीं युरोपियनांच्या स्वाधीन राहिलीं. १८०३ त कंपनीनें जाहीरनामा काढतांच शिंद्यांकडील कित्येक इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले. उत्तरेंत सेनापति पेराँनें सप्टेंबरांतच लेकचा आश्रय घेतला. असईस कवायती पायदळाची आज्ञा पोलमन या हनोव्हरकराकडे होती, आणि घोडदळाचा बराच भाग लढाईंत मिळालाच नाहीं. गोलंदाज मात्र तोफांपाशीं मेले.

पीटरपाशींहि परकी अधिकारी पुष्कळ होते, असें कोणी म्हणेल. खरें आहे, ब्रूसचें कुळहि मूळचें स्कॉटलंडचें. पण तो जन्मला मॉस्कोंत, आणि त्याचें भवितव्य रशियाशीं बांधलेलें होतें. दुसरेंहि एक न्यायानें सांगितलें पाहिजे. नार्व्ह्यानंतर चार्लस पोलंडांत गुंतला व पीटरला नऊ वर्षें मिळाली. शिंद्यांस नऊ आठवडेहि मिळाले नाहींत. ४ सप्टेंबरास अलीगड, १८ ऑक्टोबरास आग्रा, १ नोव्हेंबरास लासवारी, असे घाव एकामागून एक बसले, आणि ज्या कारखान्यांतून नव्या तोफा यावयाच्या तेच शत्रूकडे गेले. ३० डिसेंबरास सुर्जी-अंजनगांवचा तह झाला.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर विदर्भांत भद्रावती, भंडारा व नागपूरजवळ अंबाझरी येथें दारूगोळ्याचे सरकारी कारखाने निघाले. भारतानें रशियाकडून १३० मिलिमीटरच्या तोफा घेतल्या. त्यांचा गोळा ३३ किलोग्रॅमांहून अधिक वजनाचा, व तो २७ किलोमीटरपर्यंत जातो. तोफेबरोबर तिचें मापहि परदेशांतून येतें, आणि त्यांत लाज मानण्यासारखें कांहीं नाहीं. पीटरनेंहि इंच इंग्लंडचाच घेतला होता. मात्र त्या मापाचा गोळा आपल्या गांवीं, आपल्या कारागिराच्या हातून तयार होतो कीं नाहीं, आणि तो डागण्याचा हुकूम देणारा आपला आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. असईच्या गोलंदाजांनीं आपलें काम चोख केलें होतें. उणीव होती ती त्यांच्या मागें उभ्या असलेल्या राज्याची.