भिन्न पिक्सेल घनतेचे मॉनिटर : मेळ कसा साधावा?

सुरतजवळ तापीच्या मुखाशी वसलेल्या हजीरा येथे पोलाद, खत, नैसर्गिक वायू आणि अवजड अभियांत्रिकीचे मोठे प्रकल्प आहेत. अशा प्रकल्पांच्या नियंत्रण कक्षांत व आरेखन विभागांत एका संगणकाला दोन-तीन मॉनिटर जोडणे ही नित्याची बाब. जुन्या मॉनिटरशेजारी नवा ४के मॉनिटर आला, की एकावरील अक्षरे मोठी व दुसऱ्यावरील बारीक दिसू लागतात. दशांशचिन्ह नजरेतून निसटल्यास १.५ चे १५ वाचले जाऊ शकते. त्यामुळे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

कारण : एका इंचात मावणाऱ्या पिक्सेलांची संख्या म्हणजे पिक्सेल घनता. १९२० × १०८० पिक्सेलांच्या २४ इंची मॉनिटरवर ती सुमारे ९२, तर ३८४० × २१६० पिक्सेलांच्या २७ इंची मॉनिटरवर सुमारे १६३ असते. परिणामी १०० पिक्सेल रुंदीचे बटण पहिल्यावर सुमारे २.८, तर दुसऱ्यावर अवघे १.६ सेंटिमीटर भरते.

उपाय : दोन्ही घनतांचे गुणोत्तर सुमारे १.७७ येते. म्हणून जुन्या मॉनिटरचे स्केलिंग १०० टक्के ठेवून नव्याचे १७५ टक्के करावे. प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र स्केलिंग देण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ या आवृत्तीपासून आहे. लिनक्सवर जुन्या एक्स११ पेक्षा वेलँड प्रणालीत हे काम अधिक सुलभ होते. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरच्या चौकटी प्रत्यक्ष मांडणीनुसार सरकवाव्यात. अन्यथा माउसचा बाण कडेला अडतो किंवा भलत्याच उंचीवर उमटतो.

जुने सॉफ्टवेअर : एकच घनता गृहीत धरून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे चित्र विंडोज ताणून मोठे करते, त्यामुळे अक्षरे धूसर होतात. देवनागरीतील अनुस्वार व रफार यांना त्याचा विशेष फटका बसतो. अशा वेळी त्या सॉफ्टवेअरच्या कंपॅटिबिलिटी सेटिंगमधील उच्च डीपीआयचा पर्याय बदलून पाहावा. तरीही फरक न पडल्यास ते कमी घनतेच्या मॉनिटरवरच चालवणे श्रेयस्कर. नियंत्रण कक्षातील संगणकावर मात्र असा बदल चालू पाळीत करू नये. आधी स्वतंत्र संगणकावर त्याची चाचणी घ्यावी.

शेवटची पडताळणी साध्या मोजपट्टीने होते. एकच खिडकी दोन्ही मॉनिटरांवर नेऊन तिची रुंदी मोजावी. मापे जवळपास जुळली, तर मेळ साधला.