ओवीचा चौथा चरण

यंदाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी माझ्याकडे आत्याबाईंच्या ओव्या मागितल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडे जुन्या सुना सासूला अशीच हाक मारीत. ओव्या माझ्या वहीत आहेत. चांगल्या चौदा आहेत आणि अक्षरही वळणदार आहे. तरी त्या मी छापायला देत नाही. का देत नाही, हे सांगायचे तर आधी ओवीचा थोडा इतिहास सांगावा लागेल. मी काही विदुषी नव्हे. घरकाम आटोपून वाचनालयातली पुस्तके वाचणारी एक बाई, एवढाच माझा अधिकार. भगिनींनी तेवढ्या बेताने घ्यावे.

ओवी ही मराठी ग्रंथांहून जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात तो सांगतो की, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. राजाला हत्ती-घोडे, रत्ने, खाणेपिणे असे लिहायला पुष्कळ विषय होते. त्यातही मुसळ हाती घेतलेल्या बाईचा आवाज त्याच्या कानांवर पडला, याचे मला फार अप्रूप वाटते. ज्ञानेश्वरी व्हायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे होती.

पुढच्या शतकात महानुभाव पंथात एक गोष्ट घडली. ती 'स्मृतिस्थळा'त नोंदलेली आहे. केशवराज नावाचे पंडित शिष्य संस्कृतात लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. तुम्ही असे लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. 'नागवणे' म्हणजे लुबाडणे. भाषा बदलली की कुणाच्या तरी घरातून काही चोरीला जाते, हे त्या आचार्यांना इतक्या वर्षांपूर्वी कळले होते. त्याच पंथातल्या महदंबेने श्रीगोविंदप्रभूंसमोर धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. रुक्मिणीच्या स्वयंवराची कथा सांगायला तिने पंडिती वृत्त शोधले नाही. लग्नघरी बायका ज्या चालीवर गात, तीच तिने घेतली. त्यामुळे तिची रुक्मिणी पुराणातली राहिली नाही, मांडवातली झाली. महदंबेला आपण मराठीची आद्य कवयित्री म्हणतो ते उगाच नव्हे.

मग शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. ज्ञानेश्वरांपुढे गीतेचे सातशे श्लोक होते. त्यांतले बहुतेक अनुष्टुभ छंदातले: चार चरण आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरे. सगळे चरण सारखे असल्यामुळे श्लोक डब्याचे झाकण बसावे तसा मिटतो. पाठ करायला तो उत्तम. ज्ञानेश्वरांनी मात्र ओवी निवडली, आणि लहानथोरांस कळावे म्हणून हा छंद घेतला असे स्वतः सांगितले. सातशे श्लोकांच्या जवळजवळ नऊ हजार ओव्या झाल्या. या ओवीत अक्षरांची संख्या बांधलेली नसते. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून चालतात आणि चौथा आखूड असतो, त्याला यमक नसते. पुष्कळदा पहिल्या तीन चरणांत दृष्टान्त वाढत जातो आणि चौथ्यात मुद्दा अलगद खाली ठेवला जातो. डोक्यावरची घागर उतरवताना बाई शेवटी क्षणभर थांबते ना, तसे. तिथे ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. माझी अशी समजूत आहे की गीता विद्वानांच्या पाठांतरातून घरातल्या ऐकण्यात आली, ती जितकी मराठी शब्दांमुळे, तितकीच या चौथ्या चरणामुळे. तोच अर्थ चार सारख्या चरणांत बसवला असता तर उपदेश झाला असता. ओवीत ते बोलणे झाले.

पुढे अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे मोजलेली आली. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळू लागले, कारण तिथे टाळ होता आणि पाठीमागे म्हणणारी माणसे होती. मोरोपंतांची आर्या तर मात्रा मोजून घडवलेली. तिच्यावर माझे प्रेम नाही असे नव्हे, पण आर्या म्हणत दळण होईल असे मला वाटत नाही.

आता माझी गोष्ट. १९७८ साली मंडळाच्या एका कार्यक्रमासाठी आत्याबाईंनी ओव्या म्हणाव्यात असे ठरले. त्या सांगत गेल्या आणि मी कच्च्या कागदांवर उतरवून घेत गेले. मग रात्री बसून मी त्या 'शुद्ध' केल्या. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, व्याकरणात पहिली येणारी! 'नव्हं'चे 'नव्हे' केले, 'काळजा'चे 'हृदय' केले. ओळीओळीत येणारे 'गं' आणि 'बाई' पाल्हाळ म्हणून गाळले. आखूड ओळी लांब ओळींच्या बरोबरीला आणल्या. आणि 'मुराळी' हा शब्द शहरातल्या बायकांना कळणार नाही म्हणून तिथे 'बंधू' घातला. वहीत पक्की प्रत झाल्यावर कच्चे कागद बंबात गेले.

कार्यक्रमाला खरेखुरे जाते आणले होते. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी शेजारी बसून वहीतून एकेक ओळ सांगत होते. दोन ओव्या झाल्या आणि खुंटा थांबला. "हे तुझं हाय गं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माझं न्हाई. ह्यात घास घालायला जागाच न्हाई." मग वही मिटून त्यांनी आपल्या आपण पाच ओव्या म्हटल्या. तेव्हा मला दिसले की ओळ आखूड होते, तिथेच त्यांचा डावा हात जात्यात धान्याची मूठ सोडत होता. आणि 'गं' वर दगडाचा फेरा पुरा होत होता. मी पाल्हाळ म्हणून गाळले ते पाल्हाळ नव्हते.

'मुराळी'चे तर विचारूच नका. बंधू कुठेही असतो. मुराळी माहेराहून न्यायलाच येतो. त्या एका शब्दात सणाची वाट पाहणे असते, सासूची परवानगी असते, वेशीपाशी थांबलेली गाडी असते. 'बंधू' लिहिल्यावर ओवीत भाऊ राहिला, पण तो न्यायला येईना.

खानदेशात बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत असे झाले नाही, याचे मला नेहमी हायसे वाटते. बाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या आणि दुसऱ्याच वर्षी सोपानदेवांनी जपलेली गाणी पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या बोलीतच. तिथे माझ्यासारखी कुणी हुशार सून असती तर काय झाले असते, याचा विचारही नको. साने गुरुजी, सरोजिनीबाई बाबर यांनी गावोगावच्या ओव्या जमवल्या. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅँ यांनी पुण्यात राहून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत, हे विशेष. माझ्या नातीने मोबाईलवर त्यांतल्या काही ऐकवल्या तेव्हा शब्दांच्या आधी मला दगडाची घरघर ऐकू आली.

आत्याबाईंना जाऊनही आता तीस वर्षे झाली. त्या दिवशी त्यांनी म्हटलेल्या पाच ओव्या मला आणि माझ्या जाऊबाईंना मिळून बऱ्याचशा आठवतात. त्या आम्ही दोघींनी परत लिहून काढल्या आहेत, 'मुराळी'ही जागच्या जागी बसवला आहे. जाऊबाईंनी एकदा तपासल्या की पुढच्या अंकाला देईन. उरलेल्या नऊ वहीत आहेत, माझ्या शुद्ध मराठीत.