पालथ्या पेल्यात माणूस किती वेळ बसेल?

हवा जागा व्यापते, हे शिकवण्यासाठी आपण सर्वजण एक प्रयोग करून दाखवतो. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, पेला पालथा करून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबायचा आणि तसाच वर काढायचा. कागद कोरडाच राहतो. हा प्रयोग झाला की वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, मोठे पिंप पालथे घालून आपणच त्यात बसलो तर?" आणि लगेच दुसरा, "किती वेळ बसता येईल?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. दुसऱ्याचे नीट उत्तर मिळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. तोवर, आणि त्यानंतरही, या प्रश्नापायी माणसे प्राणाला मुकली. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

धूमकेतूमुळे आपल्याला परिचित असलेला एडमंड हॅले १६९१ च्या सुमारास पाण्याखाली उतरण्याच्या खटपटीत होता. त्याने लाकडाची, वरून शिशाचा पत्रा मढवलेली, खालून उघडी अशी घंटा तयार केली. आतली जागा ६० घनफूट, म्हणजे सुमारे १.७ घनमीटर. माथ्यावर उजेडासाठी काच आणि तापलेली हवा सोडून देण्यासाठी तोटी. पण बॉइलचा नियम इथे आडवा येतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि घंटेतली हवा निम्म्या जागेत आक्रसते. उरलेल्या जागेत पाणी चढते. शिवाय आतली हवा श्वासोच्छ्वासाने खराब होत जाते, ते वेगळेच.

हॅलेने यावर सुंदर तोड काढली. शिसे मढवलेली, हवेने भरलेली पिंपे त्याने घंटेच्याही खाली सोडली. पिंपाच्या तळाला भोक आणि माथ्याला चामड्याची नळी. पिंप घंटेपेक्षा खोल असल्याने तिथे पाण्याचा दाब अधिक. नळीचे तोंड घंटेत घेतले की पाणी तळाच्या भोकातून पिंपात शिरे आणि हवा आपोआप वर घंटेत ढकलली जाई. पंपाची गरजच नाही. या व्यवस्थेमुळे हॅलेसह पाच माणसे सुमारे १७ मीटर खोलीवर दीड तासाहून अधिक काळ राहिली.

हॅलेला हवा बदलावी लागते हे कळले होते, पण का बदलावी लागते हे कळणे शक्य नव्हते. जोसेफ ब्लॅकने कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखला तो १७५० च्या दशकात. प्रीस्टलेचे ऑक्सिजनवरचे प्रयोग १७७४ चे. त्यानंतर लाव्हाझिएने श्वसनाचा अर्थ लावला आणि एक समजूत रूढ झाली की बंद जागेत माणूस गुदमरतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे. आपल्या विद्यार्थ्यांचीही हीच समजूत असते. ती कितपत खरी, हे साध्या आकडेमोडीने तपासता येते.

हलक्या हालचाली करणारा प्रौढ माणूस तासाला साधारण २४ लिटर ऑक्सिजन वापरतो आणि २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. समजा, तो एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर हवेत बसला आहे. हवेत ऑक्सिजन २१० लिटर. २१० ला २४ ने भागले की पावणेनऊ तास येतात. म्हणजे निदान सहा-सात तास चिंता नाही, असे वाटेल. आता दुसरी बाजू पाहू. दीड तासात कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांवर जातो. श्वास जोरजोरात होऊ लागतो. अडीच तासांत तो ५ टक्के होतो. धाप लागते, डोके ठणकते. त्या क्षणी ऑक्सिजन किती असतो? १५ टक्के. लेहमध्ये माणसे याहूनही विरळ ऑक्सिजनमध्ये आयुष्य काढतात. पाच तासांनी कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांवर पोहोचला की काही मिनिटांतच शुद्ध हरपते. तात्पर्य, ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी माणसाला त्याचाच उच्छ्वास मारतो.

इथे चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "पण १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तेवढ्याच जागेत दुप्पट हवा मावेल. मग वेळही दुप्पट मिळेल ना?" प्रश्न अगदी योग्य आहे आणि उत्तर चकवणारे. ऑक्सिजन खरोखरच दुप्पट मिळतो. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही तासाला २ ऐवजी १ टक्क्यानेच वाढते. परंतु शरीराला टक्के कळत नाहीत, कळतो तो त्या वायूचा स्वतःचा दाब, म्हणजे आंशिक दाब. दोन वातावरण दाबाखालचा १ टक्का आणि जमिनीवरचे २ टक्के, दोन्हींचा आंशिक दाब सारखाच. म्हणून पाण्याखालच्या खोलीत दुप्पट हवा कोंबली तरी वेळ तेवढाच मिळतो!

वायूंचा शरीरावरचा परिणाम आंशिक दाबावर अवलंबून असतो, हे फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८ मध्ये दाखवले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने ते पाणबुड्यांना लागू केले. शिरस्त्राण घालून खोल उतरणारे पाणबुडे थोड्याशा कामानेही थकत, धापा टाकत. दोष खोलीवरच्या दाबाला दिला जाई. हाल्डेनने १९०५ नंतर ब्रिटिश नौदलासाठी केलेल्या अभ्यासात खरे कारण सापडले: शिरस्त्राणात साचणारा कार्बन डायऑक्साइड. १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट हवा पंपाने पुरवली, तरच त्याचा दाब आटोक्यात राहतो.

पुढे या ज्ञानाची किंमत फार क्रूरपणे कळून आली. १ जून १९३९ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. तीत नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०३ माणसे होती. चौघे वाचले, ९९ दगावले. माणसे दुप्पट म्हणजे कार्बन डायऑक्साइड साचण्याचा वेगही दुप्पट. या दुर्घटनेचा छडा लावण्यासाठी हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन आणि त्याचे सहकारी स्वतः बंद कोठीत तासन्‌तास बसले. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तला.

आता हौशी मंडळींकडे वळू. सप्टेंबर १९६२ मध्ये कूस्तो यांच्या दोन सहकाऱ्यांनी मार्सेयजवळ १० मीटर खोलीवर पोलादी पिंपासारख्या घरात आठवडाभर मुक्काम केला आणि जगभरच्या हौशी पाणबुड्यांना स्फुरण चढले. १९६५ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ-पूल येथील एका क्लबाने ‘ग्लॉकस’ नावाचे पोलादी घर प्लिमथच्या समुद्रात बसवले. कॉलिन अर्विन आणि जॉन हीथ हे दोघे तरुण त्यात आठवडाभर राहिले. ऑगस्ट १९६६ मध्ये सोव्हिएत युक्रेनमधील दोनेत्स्कच्या हौशी क्लबाने क्रायमियाच्या किनाऱ्याशी ‘इख्तिआंद्र’ हे घर ११ मीटरवर उतरवले. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात लॉइड गॉडसन हा तरुण सागरी जीवशास्त्रज्ञ ऑल्बरीजवळच्या पाणी भरलेल्या खाणीत पोलादी खोलीत १२ दिवस राहिला. सोबतीला त्याने शैवालही वाढवले होते.

अशा घरांत पोलादी पेटी बनवणे त्या मानाने सोपे. अवघड असतो तो हिशेब. दोन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी खोली ८ घनमीटर पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तिला बुडवायला ८ टन वजन हवे. थोडे कमी पडले तर खोली वर उसळणार. आत हवा सतत बदलायला हवी, नाहीतर सोडा लाइमसारख्या रसायनाने कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला हवा. वर, पृष्ठभागावर, रात्रंदिवस पहारा हवा. म्हणूनच अशा मुक्कामामागे सहसा एखादा संघ उभा असतो.

आणखी एक धोका मुलांना मुद्दाम सांगावा. पाण्याखालच्या हवेत श्वास घेऊन, तो रोखून वर आले तर फुफ्फुसातली हवा फुगते. दीड-दोन मीटरांतही फुफ्फुस फाटू शकते. तेव्हा विहिरीत पिंप पालथे घालून बसण्याचा प्रयोग कुणीही, कितीही पोहता येत असले तरी, करू नये.

वर्गात करण्याजोगे मात्र बरेच आहे. पालथा पेला आहेच. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवता येईल. आणि मुलांना आपल्याच वर्गखोलीचे माप घ्यायला सांगावे. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच म्हणजे १४४ घनमीटर हवा. ५० मुले, प्रत्येकाचा तासाला १५ लिटर कार्बन डायऑक्साइड. दारे-खिडक्या बंद असतील तर तासाभरात त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याने वाढेल; बाहेरच्या हवेतल्या प्रमाणाच्या हे दहापटीहून अधिक झाले. पावसाळ्यात दुपारच्या तासाला मुले पेंगू लागली की रागावण्याआधी एखादी खिडकी उघडून पाहावी. हॅलेच्या घंटेतली तोटीही त्याचसाठी होती.