चंबळ : मराठ्यांची सीमा, सुसरींचे घर

१/ जानेवारी १७३८. भोपाळजवळ कोंडीत सापडलेल्या निजामाने दुराई सराई येथे पहिल्या बाजीरावांशी तह केला. माळवा आणि नर्मदेपासून चंबळपर्यंतच्या मुलखाचे स्वामित्व मराठ्यांना देण्याचे त्याने मान्य केले. मराठ्यांच्या इतिहासात चंबळ अशी सीमा म्हणून येते. आज तीच नदी सुसरींचा, म्हणजे घडियालांचा, जगातील सर्वांत मोठा आसरा आहे. हे कसे घडले, ते या धाग्यात पाहू.

२/ महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावून ही नदी माळवा व राजस्थान ओलांडते आणि इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. मुरैना-भिंडच्या परिसरात काठची माती पावसाने कापली जाऊन खोल घळींचे जाळे तयार झाले आहे. यांना 'बेहड' म्हणतात. तेथे नांगर चालत नाही, फौजेला वाट मिळत नाही.

३/ तिचे प्राचीन नाव चर्मण्वती. राजा रंतिदेवाच्या यज्ञांतील पशूंच्या कातड्यांतून ती वाहू लागली, अशी महाभारतातील कथा. कालिदासाने 'मेघदूता'त तिला रंतिदेवाची कीर्ती मानले. लोकमानसात मात्र ती शापित ठरली. गंगाकाठी दिसते तशी तीर्थनगरांची रांग येथे उभी राहिली नाही.

४/ विसाव्या शतकात बेहड ओळखले गेले ते दरोडेखोरांमुळे. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांनी अनेक टोळ्यांनी जौरा येथे शस्त्रे खाली ठेवली. तोवर या भीतीनेही माणसाला नदीपासून दूर ठेवले होते. कोट्याच्या खाली तिच्या काठी मोठे औद्योगिक शहर वसले नाही. पाणी बरेचसे स्वच्छ राहिले.

५/ तरीही सुसर सुरक्षित नव्हती. कातड्यासाठी शिकार, अंड्यांची लूट आणि मासेमारीची जाळी यांमुळे १९७०च्या दशकात रानात २०० हूनही कमी सुसरी उरल्याचा अंदाज होता.

६/ १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७५ साली मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांनी मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य घोषित केले. वाळूतील अंडी उचलून लखनौजवळच्या कुकरैल व मुरैनाजवळच्या देवरी केंद्रांत उबवली गेली. पिल्ले मोठी करून नदीत सोडली गेली.

७/ या साऱ्याचा आधार वाळू. मार्च-एप्रिलमध्ये मादी काठच्या उंच वाळूत अंडी घालते. पुराआधी पिल्ले बाहेर येतात. नाकावर घड्यासारखा फुगवटा असलेला नर अनेकदा त्यांची राखण करतो. पाणचिरा पक्षी वाळूच्या बेटांवर घरटी करतो. लाल मुकुटाची दुर्मीळ कासवेही वाळूतच अंडी घालतात. खोल डोहांत डॉल्फिन असतात.

८/ आजचे संकट याच वाळूवर आणि पाण्यावर आहे. अवैध उपसा घरटी उद्ध्वस्त करतो. वर गांधीसागर, राणाप्रताप सागर, जवाहर सागर ही धरणे आणि कोटा बंधारा आहे. उन्हाळ्यात प्रवाह आटला की बेटे काठाला जोडली जातात, कुत्री-कोल्हे अंड्यांपर्यंत पोहोचतात. २००७-०८च्या हिवाळ्यात तर शंभराहून अधिक सुसरी मूत्रपिंडे निकामी होऊन मेल्या. यमुनेतून आलेल्या विषाचा संशय व्यक्त झाला.

९/ शाप, बेहड आणि बंदुका यांनी शतकानुशतके नकळत केलेली राखण आता कायद्याकडे आली आहे. अभयारण्याची हद्द नकाशावर आखता येते. त्या हद्दीत किती पाणी पोहोचेल, हे मात्र हद्दीबाहेर ठरते. आणि सुसरीचे भवितव्यही तेथेच.