सरकारी सेवेतील अपंगत्व आणि रुग्णता निवृत्तिवेतन : एक ऐतिहासिक टिपण

1861 साली मध्यप्रांताची राजधानी झाल्यापासून नागपूर हे कचेऱ्यांचे शहर म्हणून वाढले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राजधानीचा मान गेला, तरी कचेऱ्या राहिल्या. विदर्भ व मराठवाडा येथील राज्य कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन-प्रकरणे आजही येथील महालेखापालांच्या कार्यालयात येतात. त्यांतील एक वर्ग अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतो. वय पुरे होण्यापूर्वीच दृष्टी गेली, अवयव गमावला किंवा शरीर कायमचे खचले म्हणून सेवा सोडणाऱ्यांचा तो वर्ग होय.

इंग्रजी अमदानीतील ‘सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्स’मध्ये निवृत्तिवेतनाचे चार प्रकार होते : भरपाई, रुग्णता, वयोमान व पूर्णसेवा. रुग्णता निवृत्तिवेतनास वैद्यकीय दाखला लागे. व्यसन अथवा अनियमित राहणी हेच अक्षमतेचे थेट कारण ठरल्यास हक्क बुडत असे. केंद्राच्या 1972 च्या आणि महाराष्ट्राच्या 1982 च्या नियमांनीही हा प्रकार कायम ठेवला.

केंद्रीय नियमांत एक आश्वासनही होते. वैद्यकीय मंडळाने कमी श्रमाच्या कामास योग्य ठरविलेल्या कर्मचाऱ्यास, त्याची तयारी असल्यास, खालच्या पदावर नेमावे. तेही शक्य नसेल तर निवृत्तिवेतन द्यावे. बारकाईने पाहता ह्या आश्वासनाची सारी किंमत कर्मचाऱ्यानेच मोजावयाची होती. पद मिळाले तर ते खालचे; न मिळाले तर सेवेचा शेवट; आणि अर्हताकारी सेवा दहा वर्षांहून कमी असल्यास मासिक वेतनाऐवजी एकरकमी उपदान. तिशीत अपंग झालेल्या नोकरावरच हा आघात सर्वांत जड पडे.

नागपूरसारख्या रेल्वेच्या शहरात ह्याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. इंजिनचालकाची दृष्टी ठराविक मुदतीने तपासली जाते. तीत तो अपात्र ठरल्यास त्यास पर्यायी काम द्यावे, ही रेल्वेची जुनी पद्धत होय. तथापि, रजेच्या मुदतीत असे काम न सापडल्यास पूर्वी सेवा संपुष्टात येई.

ह्या विचारसरणीस 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने छेद दिला. 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आलेल्या ह्या कायद्याच्या कलम 47 नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता वा पदावनत करता येईना. त्यास त्याच वेतनश्रेणीत अन्य पद द्यावे. पद नसेल तर ते मिळेपर्यंत वा सेवानिवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असे ते कलम सांगते. पद न सापडण्याचा भार प्रथमच कार्यालयावर आला.

कायदा झाला, परंतु कचेरीची सवय टिकली. पाय गमावलेल्या कुणाल सिंग ह्या शिपायाच्या प्रकरणात, रुग्णता निवृत्तिवेतन दिले म्हणून कलम 47 चे संरक्षण नाहीसे होत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयास 2003 मध्ये द्यावा लागला. पंजाब विद्युत मंडळातील एका अंध कर्मचाऱ्याने स्वतःच निवृत्ती मागितली होती. आपला हक्क त्यास ठाऊक नव्हता व तो मंडळाने सांगावयास हवा होता, म्हणून 2008 मध्ये न्यायालयाने ती निवृत्ती अमान्य केली. असा अर्ज आल्यास सेवेत राहण्याचा पर्याय कर्मचाऱ्यास कळवावा, अशी सूचना केंद्राने 2015 मध्ये काढली.

2016 च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, कलम 20 मध्ये जुने संरक्षण कायम ठेवले आणि कामाच्या जागी वाजवी सोयी पुरविणे शासकीय आस्थापनांवर बंधनकारक केले. 2019 मध्ये केंद्राने रुग्णता निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची अटही काढली.

कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या आजारांसाठी निवृत्तिवेतनाची गरज आजही आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेथे उतरंड, योग्य टेबल किंवा वाचनाचे साधन पुरविले असता मनुष्य काम करू शकला असता, तेथे त्याचा निवृत्तीचा अर्ज स्वेच्छेचा म्हणता येत नाही. अशा प्रकरणात वैद्यकीय दाखल्याइतकाच दुसराही एक कागद आवश्यक मानावा : कार्यालयाने कोणत्या सोयी केल्या व कोणती पदे तपासली, ह्याची लेखी नोंद. तो कागद नसलेली फाइल कायद्याच्या दृष्टीने अपुरीच होय.